रुळांना वय विचारणारे गुरुजी

कापगते गुरुजी गेल्याची बातमी मला तारेनं कळली नाही आणि पत्रानंही नाही. ती छोट्या लाईनीवरून माणसामाणसांच्या हातून आली. नागभीडकडची सकाळची गाडी गोंदियाच्या फलाटाला लागली, मी पार्सलच्या गोण्यांवर नंबर टाकत होतो, आणि गार्ड त्याच्या डब्यातून उतरून सरळ माझ्याकडे आला. एरवी हा गृहस्थ आधी चहाची चौकशी करतो. त्या दिवशी त्यानं टोपी काढली आणि म्हणाला, "मालबाबू, केशोरीवाले गुरुजी गए." त्याला हे अर्जुनीच्या पुढच्या एका स्टेशनातल्या पोर्टरनं सांगितलं होतं आणि पोर्टरला लाईन तपासणाऱ्या फागू कीमननं. केशोरीच्या माणसाकडून कळल्याबरोबर फागू गाडीच्या आधी दोन कोस चालत स्टेशनात पोचला होता, कारण हा निरोप गोंदियाच्या मालबाबूला त्याच गाडीनं पोचायला हवा होता. केशोरीहून केलेली तार माझ्या हातात पडली ती दुसऱ्या दिवशी दुपारी. गार्ड बोलत असताना मी मान हलवली म्हणे, आणि नंबर टाकत राहिलो. तीन गोण्यांवर एकच नंबर पडला होता, हे मला हमालानं मागाहून दाखवलं.

त्याला आता दीड महिना होत आला. कापगते गुरुजी कुणी मोठे गृहस्थ नव्हते. केशोरीच्या प्राथमिक शाळेत त्यांनी आयुष्य काढलं, घरची थोडी धानाची शेती होती, आणि शाळेतून निवृत्त होऊन जेमतेम दीड वर्ष झालं होतं. त्यांना एक छंद होता आणि तो त्यांच्याखेरीज या भागात फक्त मला होता... म्हणजे त्यांना पुरा आणि मला अर्धा. जुने रूळ शोधायचे, त्यांच्यावरचं साल वाचायचं आणि कुठला तुकडा किती जुना ते ठरवायचं. ऐकणारा हसतो. मीही आधी हसलोच होतो. पण या छंदापायी गुरुजींच्या हातून एकदा एका माणसाचं मोठं नुकसान झालं आणि ते निस्तरताना मी त्यांना जसं पाहिलं, तसं पुढे कुणाला पाहिलं नाही. म्हणून हे लिहायला बसलो आहे.

सत्तेचाळीसच्या सप्टेंबरात आमची पहिली गाठ पडली, ती पोलिसांच्या कृपेनं. तेव्हा रोज नवी अफवा उठायची आणि स्टेशनावर पहारा असायचा. एका दुपारी दोन शिपाई एका धोतर-काळी टोपीवाल्या माणसाला दंडाला धरून घेऊन आले. त्याच्या पिशवीत विटेचा तुकडा, नारळाचा काथ्या आणि शाळेतले खडू सापडले होते. यार्डाच्या टोकाला बसून हा रूळ घासत होता, अर्थात 'पटरी उखाडने आया था'. स्टेशनमास्तरांनी मला बोलावलं, कारण मराठी माणसाची चौकशी मराठी माणसानं केलेली बरी. मी विचारलं, रूळ कशाला घासत होता? तो म्हणाला, "वय पाहत होतो." कुणाचं? "रुळाचं." शिपाई हसायला लागले, तेव्हा त्या माणसाला रागही आला नाही आणि भीतीही वाटली नाही. तो म्हणाला, चला, दाखवतो. आम्ही चौघे यार्डात गेलो. रुळाच्या पोटावर, म्हणजे वरच्या डोक्याच्या आणि खालच्या तळाच्या मधल्या उभ्या पट्टीवर, गंज आणि काजळी बसलेली होती. त्यानं विटेनं घासलं, काथ्यानं पुसलं आणि खडू आडवा फिरवला. काळ्या लोखंडावर पांढरी अक्षरं उठली... कारखान्याचं विलायती नाव, त्यापुढे साल, आणि सालापुढे महिन्याच्या उभ्या रेघा. लोखंड लालभडक असतानाच ही अक्षरं त्यात दाबून काढतात, ती मग मरेपर्यंत जात नाहीत. थोरला शिपाई गुडघ्यावर वाकून बघत राहिला आणि म्हणाला, "अरे, ये तो हमारे बाप से भी बड़ा है." तिथेच चौकशी संपली. मी त्या खुळ्या माणसाला घरी जेवायला नेलं आणि तेरा वर्षांची मैत्री गळ्यात पाडून घेतली.

हा छंद त्यांना कुठून लागला, ते त्यांनी त्याच जेवणात सांगितलं. गावातली माणसं पोराला शाळेत घालायला आणत आणि जन्मतारीख विचारली की गप्प बसत. धान कापणीच्या वेळी झाला, मोठ्या पुरानंतर झाला, थोरलीच्या पाठीवर दोन वर्षांनी झाला... यातून तारीख काढायची कशी? मग सगळेच गुरुजी करत तेच हेही करत. पोराचे दात बघायचे, उंची बघायची आणि दाखल-खारीजच्या रजिस्टरात एक जुलै ठोकून द्यायची. केशोरीत निम्मं गाव एक जुलैला जन्मलेलं आहे आणि त्या सगळ्यांचा बाप मीच, असं ते म्हणत आणि स्वतःच हसत. पण ते हसणं पुरतं खरं नव्हतं. इतक्या पोरांना खोटे जन्म दिले याची त्यांना टोचणी होती. आणि मग एकदा गाडीची वाट बघत बसले असताना त्यांना रुळावरचं साल दिसलं. स्वतःचं जन्मसाल अंगावर घेऊन येणारी ही एकच जात आहे, मालबाबू, असं ते मला म्हणाले, लोखंड खोटं बोलत नाही. पुढे हे वाक्य मी त्यांच्या तोंडून शंभरदा ऐकलं असेल.

सुट्टीच्या दिवशी आम्ही निघायचो. कधी मोठ्या लाईनीनं दरेकसाला जायचो, तिथे डोंगरातल्या जंगलाला लागून यार्डात जुने रूळ कुंपणाचे खांब म्हणून पुरलेले होते आणि गुरुजी प्रत्येक खांबाभोवती आरतीला आल्यासारखे फिरायचे. कधी छोट्या लाईनीवरच्या एखाद्या स्टेशनात उतरायचो. मी रेल्वेचा माणूस असल्यानं परवानगी मिळवणं माझ्याकडे, घासणं त्यांच्याकडे, आणि तांदळाच्या भाकरी व जवसाची चटणी माझ्या बायकोकडे. तिनं एकदा विचारलं, एवढी वयं काढता, यांचं लग्न लावायचं आहे का? गुरुजी गंभीरपणे म्हणाले की वहिनी, पत्रिका जुळल्या तर तेही करू. त्यांच्या मनात एक लेख होता. आमच्या भागात कुठला रूळ कधी पडला, हे कुणी लिहून ठेवलेलं नव्हतं. प्रवाशांची पहिली गाडी कधी आली ते म्हाताऱ्यांना आठवतं, पण त्याआधी जंगलातलं लाकूड काढायला लाईन टाकली होती का? गुरुजींना वाटायचं, टाकली असणार. ते सिद्ध करायचं त्यांनी मनावर घेतलं होतं.

फागू मडावी आमच्या आयुष्यात आला तो चौपन्न-पंचावन्नच्या सुमाराला. छोट्या लाईनीवर तो कीमन होता. कीमन म्हणजे रोज ठरलेला तुकडा पायी तपासणारा माणूस. हातोडा, पाना आणि झेंड्या घेऊन निघायचं, सैल झालेलं काही दिसलं की ठोकायचं आणि संध्याकाळी उलटं चालत यायचं. स्टेशनाचं नाव मुद्दामच देत नाही, कारण फागू अजून नोकरीत आहे. जन्म फागुनातला म्हणून नाव फागू. त्यामुळे महिना नावातच होता, साल मात्र कुठेच नव्हतं. नोकरीला लागताना कुणी ते लिहिलं नाही, किंवा लिहिलेला कागद वाळवीनं खाल्ला. त्या वर्षी वरून पत्र आलं की ज्यांच्या वयाची नोंद नाही त्यांनी गावातल्या प्रतिष्ठित माणसाचा दाखला आणावा. फागूची सासुरवाडी केशोरीची. तो गुरुजींकडे आला आणि त्याला माहीत होतं तेवढं सांगितलं: त्याच्या आईच्या सांगण्याप्रमाणे, गावात पटरी पोचली त्याच सालच्या फागुनात तो झाला. मातीकामाला आलेल्या बायांनी त्याची नाळ कापली होती.

गुरुजींनी मला लिहिलेलं पत्र मी जपून ठेवलं आहे. आयुष्यात पहिल्यांदा एका माणसाला खरी जन्मतारीख देण्याचा योग आला आहे, आणि ती रूळ देणार आहे, असं त्यात आहे. मी रजा घेतली. आम्ही गेलो त्या दिवशी फागू त्याच्या फेरीवर गेलेला होता आणि परतीच्या गाडीला तासाभराचा अवकाश. चालू लाईनीवर बसून घासायला लाईनीच्या साहेबांची परवानगी लागते, ती मिळाली नव्हती. पण फलाटासमोरच्या सायडिंगला, म्हणजे मालडबे उभे करायच्या बाजूच्या लाईनीला, कुणाची ना नव्हती. ती फागूच्या गावाच्या अगदी तोंडासमोर होती. गुरुजींनी घासलं, पुसलं, खडू फिरवला. साल अठराशेतलं निघालं... प्रवाशांची गाडी सुरू झाली त्याच्या कितीतरी आधीचं. ते उठून उभेच राहिले. धोतराला काजळी लागली होती आणि डोळ्यांत पाणी होतं. माझे दोन्ही हात धरून म्हणाले की मालबाबू, लाकडाची लाईन होती, आपण म्हणत होतो तेच खरं. त्या आनंदात गाडी आली आणि आम्ही तीत बसलो. फागूला भेटायचं आम्हा दोघांच्याही डोक्यात आलं नाही. गुरुजींनी दोन दिवसांत आपल्या सुंदर अक्षरात इंग्रजी दाखला लिहिला, त्यात रुळावरचं साल फागूचं जन्मसाल म्हणून घातलं, फागूनं खाली अंगठा उठवला आणि कागद वर गेला.

महिन्याभरानं कचेरीचा हुकूम आला. दाखल्यावरून पाहता फागू मडावी याचं वय नोकरीच्या मर्यादेच्या केव्हाच पलीकडे गेलं आहे, तरी त्याला चालू महिन्याअखेर कमी करण्यात यावं.

तो कागद घेऊन फागू केशोरीला आला. शाळा भरलेली होती. त्याला वाचता येत नव्हतं, त्यानं दारातूनच कागद पुढे केला. हे सगळं गुरुजींनी मला नंतर इतक्यांदा सांगितलं की मी तिथे हजर होतो असंच मला वाटतं. गुरुजींनी कागद वाचला आणि त्याला समजावून सांगितला. फागू म्हणाला, "गुरुजी, मी येवढा म्हातारा झालो का?" गुरुजींनी रुळाचं सांगितलं, सायडिंगचा रूळ, त्यावरचं साल. तेव्हा फागूला कळलं की कुठल्या पटरीवरून हे झालं.

"थे पटरी लाईनीची नाही, गुरुजी. थे बाहेरून आली. मी नवा नवा कामाले लागलो होतो, तवा आली. दुसरीकडची निगालेली पटरी होती. डब्यातून म्या उतरवली, म्या आनखी चार गड्यायनं. ह्या खांद्यावर आनली."

गुरुजींनी विचारलं की अरे, मग तू आधी का सांगितलं नाहीस. फागू रागावलेला नव्हता, त्यानं सरळ सांगितलं.

"तुमी पटरीले इचारलं. मले कोठं इचारलं?"

ते त्याच रविवारी गोंदियाला माझ्या घरी आले. आल्या आल्या पाणीसुद्धा घेतलं नाही. मी आजवर एवढं उतरलेलं तोंड फक्त निकालाच्या दिवशी पोरांचं पाहिलं आहे. त्यांनी सगळं सांगितलं आणि म्हणाले, "एक जुलै लिहिली असती तरी या माणसाचं भलं झालं असतं. मी खरं लिहायला गेलो आणि त्याचं घर बुडवलं." मी मान खाली घालून बसलो, कारण मला आणखी एक गोष्ट कळली होती आणि ती त्यांना माहीत नव्हती. मी मालबाबू आहे. एखाद्या लाईनीवर नवे रूळ पडले की निघालेले जुने रूळ डब्यात भरून कुठल्यातरी लहान लाईनीच्या सायडिंगला जातात. त्यांच्या पावत्या मीच फाडतो. सायडिंगचा रूळ बहुधा दुसरीकडून आलेलाच असतो, हे माझ्या पोटापाण्याचं ज्ञान आहे. आणि त्या दिवशी मी बाजूला उभा राहून टाळ्या वाजवल्या. हे मी त्यांना कबूल केलं. ते चिडतील असं मला वाटलं होतं, मला ते हवंही होतं. पण ते एवढंच म्हणाले की मालबाबू, तुम्हाला तरी मी कुठे विचारलं?

त्यांनी दुसरा दाखला लिहून पाठवला, की माझा आधीचा दाखला चुकीचा आहे. उत्तर आलं नाही. महिनाअखेर आली आणि फागूचा हातोडा, पाना आणि झेंड्या जमा करून घेतल्या. लाईनीकाठची खोली मात्र कुणी लगेच खाली करायला लावली नाही. तिथल्या पोर्टरनं मला सांगितलं की फागू अजून रोज सकाळी निघतो, रिकाम्या हातानं तेवढंच अंतर चालतो आणि काही सैल दिसलं की नव्या कीमनला सांगतो. हे मी गुरुजींना सांगितलं नसतं तर बरं झालं असतं. त्यांचं जेवण सुटलं. मग एके दिवशी शाळेला रजा टाकून ते आले आणि म्हणाले, मला लाईनीच्या साहेबांकडे न्या.

साहेब तिकडच्या लोकांत कडक म्हणून ठाऊक होते. त्यांनी दोन्ही दाखले टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि हिंदीत विचारलं, मास्टरजी, पहिल्यात तुम्ही लिहिता की लोहा झूठ नहीं बोलता, आणि दुसऱ्यात लिहिता की हे साल मानू नका. मी कुठलं मानू? गुरुजी उभेच होते, बसा म्हटलं तरी बसले नव्हते. ते मराठीतच बोलले. "लोखंड खरंच बोललं, साहेब. मी त्याला त्याचं वय विचारलं, त्यानं त्याचं सांगितलं. ते फागूचं म्हणून लिहिलं, ते मी." साहेबांना मराठी कळत होतं. त्यांनी पुढे विचारलं की शाळेत पोरांची वयं कशी लिहिता. मी गुरुजींचा सदरा मागून ओढला, पण उपयोग झाला नाही. अंदाजानं लिहितो, असं त्यांनी सांगून टाकलं, दात बघतो आणि एक जुलै घालतो. मला वाटलं, संपलं... आता फागूबरोबर यांचीही नोकरी जाणार. साहेबांनी दोन्ही दाखले एकावर एक ठेवले. मग म्हणाले, असा माणूस तिसरा दाखला घेऊन आला तर मी कशावर विश्वास ठेवायचा? गुरुजी म्हणाले, "माझ्यावर ठेवू नका. फागूला विचारा. मी तेच करायला विसरलो होतो."

चार दिवसांनी साहेब ट्रॉलीवरून स्वतः फागूच्या स्टेशनात गेले. आम्ही दोघे मागून चालत होतो. फागूला बोलावलं, तो अनवाणीच आला. साहेबांनी त्याला सायडिंगच्या रुळापाशी नेऊन विचारलं की हा बाहेरचा कशावरून. फागूनं रुळाच्या टोकाजवळची जास्तीची भोकं दाखवली, ती इथल्या जोडाला लागत नव्हती. मग त्यानं रुळाच्या डोक्यावरून बोट फिरवून दाखवलं की रूळ दोन्ही बाजूंनी झिजलेला आहे, म्हणजे पहिल्या ठिकाणी एक बाजू झिजली आणि इथे आणल्यावर उलटा टाकला तेव्हा दुसरी. आम्ही त्याच रुळावर उकिडवे बसून त्याचं साल वाचलं होतं आणि ही भोकं आम्हाला दिसलीही नव्हती. मग साहेबांनी विचारलं, पहिल्या दिवसापासूनची पटरी कुठे उरली आहे का? फागू पुढे चालू लागला. चालताना सांगत होता, हे बदलली, हेही बदलली, हे तुटली होती, हे मोठ्या पुरात गेली. अर्ध्या कोसावर एक लहान पूल होता, त्याच्या अलीकडे कटिंगमध्ये, म्हणजे टेकडी कापून काढलेल्या वाटेत, तो थांबला. "हे चार," म्हणाला, "हे कधी निगालेच नाही." साहेबांनी गुरुजींकडे पाहिलं. गुरुजींनी पिशवीतून वीट काढून माझ्या हातात दिली आणि घासायचं काम मी केलं. चारही रुळांवर साल एकोणीसशेतलं निघालं, एकमेकांशी जुळणारं, आणि लोकांना पहिली गाडी आठवते त्याच्याशीही जुळणारं. लाकडाच्या लाईनीचा शोध त्या कटिंगमध्ये कायमचा मेला. गुरुजी रुळाला हात लावून रडत होते आणि मी शपथेवर सांगतो, ते शोधासाठी नव्हतं.

हुकूम फिरायला आणखी दीड महिना लागला. फागूला हातोडा परत मिळाला. गुरुजींना चुकीचा दाखला दिल्याबद्दल त्यांच्या खात्याकडून लेखी ताकीद आली, ती त्यांनी मला वाचून दाखवली आणि म्हणाले, भाषा चांगली आहे. लेखासाठी जमवलेले कागद त्यांनी बांधून माळ्यावर टाकले. मला वाटलं, छंद सुटला. तसं झालं नाही. त्यांनी नवी वही घातली. निवृत्तीनंतर तर ते आठवड्यातून एकदा तरी केशोरीहून निघायचे, फागूच्या फेरीत त्याच्याबरोबर चालायचे आणि एकेका रुळाची त्याच्याकडून हकिकत लिहून घ्यायचे. कधी आला, कुठून आला, कुणी टाकला, टाकताना कुणाचं बोट चेंगरलं. साल वाचणं त्यानंतर. शेवटच्या वर्षी डोळ्यांनी दगा दिला, तेव्हा ते अक्षरांवरून बोट फिरवून वाचायचे. गेल्या हिवाळ्यात डोळे दाखवायला माझ्याकडे आले होते, तीच आमची शेवटची भेट. डॉक्टरनं फारशी आशा दिली नाही. परतताना फलाटावर म्हणाले की फागूला दिसतं तोवर माझं काम अडत नाही. मी टांग्यापासून गाडीपर्यंत त्यांना हात धरून नेलं होतं, एवढंच.

मागच्या आठवड्यात मी केशोरीला जाऊन आलो. गुरुजींच्या घरच्या वहिनी अंगणात धान वाळत घालत होत्या. त्यांनी वही आणून हातात दिली. मग म्हणाल्या, "हे तुमीच ठेवा, भाऊ. मले यातलं काई समजत नाही. पन ते वाचत बसले का घरात बरं वाटे." मी वही पिशवीत घातली आणि तिथून फागूकडे गेलो. तो फेरीवर निघालाच होता. त्याच्याबरोबर चालत मी त्याला वही वाचून दाखवत होतो, एक रूळ आला की एक नोंद. प्रत्येक नोंदीच्या शेवटी गुरुजींनी तेच दोन शब्द लिहिले होते, 'फागूच्या सांगण्यावरून'. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, शेवटची अक्षरं ओळीवरून घसरलेली. फागू ऐकत होता आणि हातोड्यानं ठोकत चालला होता. मधेच म्हणाला, "मायं साल त्यायनं घालवलं आन् त्यायनंच आनून देल्लं, मालबाबू. माया बापानं नाही केलं येवढं." आणि पुढे चालू लागला.

पुलाजवळ एक नोंद जुळेना. वहीत जुना रूळ होता आणि समोर दुसराच दिसत होता. मी सवयीनं खाली वाकलो, खिशातून खडू काढला आणि घासायला जागा शोधू लागलो. मग तसाच उठलो आणि फागूला विचारलं की ही पटरी कुठली. तो म्हणाला, "गुरुजी गेले त्याच हप्त्यात बदलली. जुनीले चीर पडली होती, म्या पकडली. हे सौंदडच्या यार्डातून आनली. लिहा."

मी रुळावर टेकून वही मांडीवर घेतली आणि गुरुजींच्या अक्षराखाली माझ्या अक्षरात लिहिलं. फागू शेजारी उभा होता. काय लिहिलं म्हणून त्यानं विचारलं, तेव्हा मी सगळं वाचून दाखवलं, शेवटच्या दोन शब्दांसकट. त्यानं मान हलवली आणि म्हणाला की आता उठा, गाडीची वेळ झाली.